ट्रकचे पासिंग

महाराष्ट्रात मालट्रकच्या सुरक्षा तपासणीला ‘पासिंग’ म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात हा शब्द नाही. तिथे ‘योग्यता प्रमाणपत्र’ आहे आणि परिवहन कार्यालयाच्या पावतीवर ‘फिटनेस’. पण मालक, चालक, मिस्त्री, एजंट या सर्वांच्या तोंडी पासिंगच असते, आणि त्याचे अर्थ दोन. ‘गाडी कुठल्या पासिंगची?’ या प्रश्नाला ‘बारा’ किंवा ‘नऊ’ असे उत्तर येते. बारा म्हणजे पुणे, नऊ म्हणजे कोल्हापूर. इथे पासिंग म्हणजे नोंदणी. ‘गाडी पासिंगला लावली’ म्हटले की मुदत संपत आल्यामुळे ती तपासणीला नेली. बोलीने नोंदणी आणि तपासणी एकाच शब्दात घातल्या, आणि कायद्याचा आशयही तसाच आहे. योग्यता प्रमाणपत्र नसेल तर वाहतुकीच्या वाहनाची नोंदणी वैध मानायची नाही, हे तत्त्व १९३९ पासून भारतीय कायद्यात आहे. माल किंवा भाडोत्री प्रवासी वाहणाऱ्या गाडीला रस्त्यावर राहण्याचा हक्क अशा रीतीने पुन्हा पुन्हा मिळवावा लागतो.

मुंबईत पहिल्या मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. सोळा वर्षांनी, १९१४ मध्ये, भारतीय मोटार वाहन कायदा झाला. तो आटोपशीर होता. चालकाला परवाना हवा, गाडीची नोंद हवी, बेदरकारपणे हाकणाऱ्याला शिक्षा हवी, इतपत त्याचा आवाका. ब्रेक, दिवे, भोंगा यांचे तपशील प्रांतांनी आपापल्या नियमांत घालायचे होते. त्या काळी मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती आणि माल बैलगाडी व रेल्वे यांच्यावरच चालत असे. त्यामुळे मालवाहू मोटारीची वेगळी काळजी कायदा करणाऱ्यांना करावीशी वाटली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र बदलले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईच्या शिवडी भागात जुळणीचा कारखाना काढला आणि सुट्या भागांच्या पेट्या बोटीतून उतरवून इथेच गाड्या उभ्या राहू लागल्या. ट्रकची कंपनी चेसिस देई. त्यावरचा लाकडी हौदा आणि केबिन स्थानिक सुतार-लोहार बांधत. या विभागणीचा परिणाम पुढे कित्येक दशके टिकला. इंजिन आणि ब्रेक कोणी घडवले हे सांगता येई, पण केबिनमधल्या माणसाला टकरीत काय होईल याची जबाबदारी कोणावरच नीट येत नसे.

याच सुमारास रस्त्यांचाही प्रश्न पुढे आला. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. रस्ते सुधारू लागले तशी लॉरी लांब पल्ल्याला जाऊ लागली, आणि रेल्वेच्या उत्पन्नाला चाट बसली. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी १९३३ मध्ये रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेवर अहवाल दिला. स्वस्त भाडे घेणारी लॉरी ते भाडे कशाच्या जोरावर घेते, हा त्या वादातला कळीचा मुद्दा होता. गाडीची डागडुजी पुढे ढकलायची, क्षमतेपेक्षा जास्त माल भरायचा आणि चालकाला झोप येईपर्यंत चालवायला लावायचे, या तिन्ही मार्गांनी भाडे खाली येते.

१९३९ चा मोटार वाहन कायदा या वातावरणात जन्माला आला. मालवाहतुकीला परमिट लागू लागले, प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे स्थापन झाली, आणि आजच्या ‘आरटीओ’ या शब्दातला ‘प्रादेशिक’ तिथून आला. चालकाच्या कामाचे तास बांधले गेले. ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याने तपासून दिलेले योग्यता प्रमाणपत्र वाहतुकीच्या प्रत्येक वाहनाला सक्तीचे झाले. ही तरतूद माणसांच्या जिवाची काळजी म्हणून आली हे खरे, पण तिला राजकीय बळ मिळाले ते रेल्वेला वाचवण्याच्या गरजेतून. तपासणी आणि परमिट या दोन गोष्टी एकाच खिडकीवर बसल्या, आणि ट्रकमालकाच्या मनात त्या दोन्हींचा रंग सारखाच झाला. ब्रेक पाहणारा माणूस आणि धंद्यावर मर्यादा घालणारा माणूस एकच असेल तर पासिंगकडे ‘सरकारची आणखी एक अडचण’ म्हणून बघितले जाणे स्वाभाविक होते. हा दृष्टिकोन पुढे फार महागात पडला.

कायदा लागू होतो न होतो तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. पेट्रोलचे रेशनिंग आले. कोळशाच्या धुरावर इंजिन चालवणाऱ्या भट्ट्या गाड्यांच्या पाठीला बसवल्या गेल्या. सुटे भाग मिळेनासे झाले, आणि असेल त्या साहित्यात गाडी चालती ठेवण्याची कला गॅरेजांनी आत्मसात केली. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा गाड्या ‘डिस्पोजल’मधून विक्रीला निघाल्या. त्यांच्यावर मालवाहतुकीचे धंदे उभे राहिले. या काळातली एक तरतूद विसरता येणार नाही: अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा करणारे १९३९ च्या कायद्यातले प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. ट्रकच्या नादुरुस्तीची किंमत पैशात मोजणारा, सरकारखेरीज दुसरा पक्ष तेव्हा प्रथम मैदानात आला. मुदत संपलेल्या पासिंगची गाडी अपघातात सापडली की विमा कंपनीशी वाद अटळ, हे ट्रकमालकाला आजही आरटीओच्या दंडापेक्षा जास्त घाबरवते.

स्वातंत्र्यानंतर देशी ट्रक आले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक काढले. टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. डिझेलचे इंजिन आले आणि मालवाहतुकीचे गणितच बदलले. डिझेल स्वस्त, इंजिन दणकट, ओढ जबरदस्त. ट्रक रात्रंदिवस धावू लागला, आणि जो धावतो तो झिजतो.

झीज भरून काढण्याच्या दोन रीती महाराष्ट्राच्या रस्त्यांवर शेजारी शेजारी वाढल्या. पहिली एसटीची. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, आणि बसगाड्यांबरोबर आगारेही आली. आगारात परतलेली गाडी मिस्त्रीच्या हाताखालून जाते, चालकाने सांगितलेला दोष वहीत लिहिला जातो, ठरावीक दिवसांनी आणि ठरावीक किलोमीटरनंतर ठरावीक काम होते. मोठ्या कामासाठी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा. एसटीच्या गाडीला नावे ठेवणाऱ्यांनीही या शिस्तीचे मोल मान्य करावे असे ते काम आहे.

दुसरी रीत ट्रकवाल्यांची. ट्रक बहुतेक एकट्या मालकाच्या नावावर, एक किंवा दोनच, कर्जाने घेतलेले. आगार नाही, वही नाही. देखभालीचा सगळा भार मिस्त्री, चालक आणि क्लीनर या तिघांवर. ‘क्लीनर’ हे नाव बोलीत ‘किन्नर’ झाले आणि लोक त्याचा मूळ अर्थ विसरले. पण हा मुलगा गाडी पुसणारा म्हणूनच नेमला जाई, आणि पुसता पुसता गाडी वाचायला शिके. सकाळी रेडिएटरमध्ये पाणी, इंजिनमधल्या ऑइलची पट्टी काढून पातळी, टायरवर लोखंडी टॉमीचा ठोका. भरलेला टायर टणत्कार देतो, हवा कमी असलेला बोदा वाजतो. दुहेरी चाकांत आतला टायर डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून हा ठोका महत्त्वाचा. ब्रेकच्या हवेच्या टाकीतले साचलेले पाणी सोडणे, निपलांत ग्रीस भरणे, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आवळणे, गाडी थांबली की चाकाखाली लाकडी ठोकळा देणे ही त्याची शाळा होती. याच शाळेतून तो चालक होई आणि चालकांतून एखादा मालक. आज क्लीनर ठेवणे अनेक मालकांनी बंद केले आहे. पगार वाचला, पण चढत्या क्रमाने शिकवणारी ही साखळी तुटली, आणि तिच्या जागी दुसरे काही आलेले नाही.

गॅरेजांच्या वस्त्या नाक्यांवर वाढल्या. वडाळा, कळंबोली, निगडीची ट्रान्सपोर्टनगरी अशा ठिकाणी कामाची वाटणी इतकी बारीक की एका ट्रकला दहा माणसे लागतात. पाटेवाला फक्त पाटे करतो. तुटलेले पान काढून नवे घालतो. डिझेल पंपवाला इंधनाच्या पंपाशिवाय कशाला हात लावत नाही. रेडिएटरवाला, लेथवाला, वायरमन, डेंटर-पेंटर आणि टायर रिमोल्ड करणारा यांची दुकाने ओळीने. बहुतेकांचे शिक्षण वस्तादाच्या हाताखाली पोऱ्या म्हणून झालेले. खंडेनवमीला ही दुकाने धुऊन निघतात, पान्यांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात, आणि त्या दिवशी हत्यार उचलायचे नाही हा संकेत पाळला जातो. वर्षातून एकदा सगळी अवजारे बाहेर काढून पुसून मांडली जातात, हा या पूजेचा व्यवहारातला फायदा.

या गॅरेजांची ताकद म्हणजे कशावरही तोड काढणे, आणि कमकुवत बाजूही तीच. मोडल्यावर दुरुस्त करण्यात ती तरबेज. मोडण्याआधी बदलण्याला गिऱ्हाईकच नाही. ब्रेकचे लायनर अजून महिनाभर चालेल असे दिसले की मालक म्हणतो, चालू दे. मिस्त्रीला धोका कळतो, पण निर्णय त्याचा नसतो. कायद्याने पासिंगच्या दिवशी गाडी कशी असावी हे सांगितले. उरलेले दिवस मालकाच्या खिशावर सोडले.

मुंबई राज्याने १९५९ मध्ये मुंबई मोटार वाहन नियम केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तेच नियम पुढे तीस वर्षे चालले. या काळातले पासिंग म्हणजे मोकळे मैदान, रांगेत उभे ट्रक आणि एक निरीक्षक. तो चेसिस नंबर ताडून पाही, दिवे लावायला सांगे, स्टिअरिंग हलवून बघे, गाडी थोडी पुढे नेऊन ब्रेक मारायला लावी. मैदानात येण्याआधी ट्रक रंगवून निघे. मालकाचे नाव, रिकामे वजन, भरलेले वजन, पासिंगची मुदत हे सगळे पेंटर हौद्याच्या फळीवर नव्याने काढी. पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहणाऱ्या गाड्या गाळप हंगामाच्या तोंडावर या कामाला लागत. चांगला निरीक्षक कानाने आणि हाताने बरेच ओळखे. पण डोळ्यांच्या तपासणीला आकडा नसतो. दोन निरीक्षकांचे मत वेगळे पडले तर कोण बरोबर, हे ठरवायला साधन नव्हते, आणि जिथे मोजमाप नसते तिथे ओळख आणि देणे-घेणे शिरते. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे आणि परत येताच उतरवायचे, हा प्रकारही त्यातलाच.

या सगळ्याची परीक्षा घाटात होते. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये झाला, तो बैलांसाठी. कसारा, खंबाटकी, कुंभार्ली, आंबोली हे उतार ट्रक उतरतो तेव्हा त्याचे सगळे वजन ब्रेकवर येते. ड्रममध्ये लायनर घासून गाडीची गती उष्णतेत बदलते. उतार लांब असेल आणि चालक पाय दाबूनच ठेवत असेल तर ड्रम इतका तापतो की लायनरची पकड जाते. पायाखाली पेडल आहे, पण गाडी थांबत नाही. म्हणून जुने चालक सांगत: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनच गाडीला मागे धरते आणि ब्रेक अधूनमधून वापरायला थंड राहतो. हवेच्या ब्रेकमध्ये दुसरे भान लागते. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, आणि प्रत्येक वेळी पेडल दाबले की त्यातली थोडी हवा खर्च होते. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढून इंजिन बंद केले तर गिअरची धर जाते आणि टाकीत नवी हवाही येत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ‘ब्रेक फेल’ असेच सांगितले गेले. तपासात मात्र ब्रेक निकामी नव्हते, उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे पुढे आले. ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांमागे किती वेगवेगळी कारणे लपतात, हे या घटनेने दाखवले. वेळेवर न बदललेले लायनर, ब्रेकचे ढिले पडलेले स्लॅक अ‍ॅडजस्टर, क्षमतेपेक्षा जास्त माल आणि चालकाची चुकीची सवय या सगळ्यांना पोलिसांच्या कागदावर पुष्कळदा तेच एक नाव मिळते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियम आले. तपासणीचे निकष आता देशभर एक झाले. नियम ६२ ने नव्या ट्रकला दोन वर्षांचे आणि त्यानंतर दर वर्षाचे प्रमाणपत्र ठरवले, आणि काय तपासायचे याची यादी दिली. ही यादी वाचण्यासारखी आहे. ती सुरू होते स्पार्क प्लग आणि त्याच्या टोपणापासून, जे डिझेल ट्रकला नसतातच. मग हेडलाइटचा झोत, इतर दिवे, परावर्तक, आरसा, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर. आणि ब्रेक व स्टिअरिंग यादीच्या शेवटाकडे. क्रमावरून महत्त्व ठरत नाही हे मान्य, तरी घाट उतरणाऱ्या ट्रकसाठी ती लिहिली असती तर तिची सुरुवात वेगळी झाली असती. टायरसाठी वेगळ्या नियमात खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरली. धुरासाठी ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आली आणि पीयूसीचे केंद्र पेट्रोल पंपावर दिसू लागले.

तपासणाऱ्या माणसाकडेही नियमांनी लक्ष दिले. मोटार वाहन निरीक्षकाकडे अभियांत्रिकीची पदविका, कार्यशाळेतला अनुभव आणि अवजड वाहनाचा परवाना हवा, असे केंद्राने १९८९ मध्येच ठरवले. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती जिच्याकडे बराच काळ फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. राज्य सरकारने नेमलेल्या खासगी किंवा सार्वजनिक गॅरेजलाही ‘प्राधिकृत चाचणी केंद्र’ म्हणून योग्यता प्रमाणपत्र देता येईल, असे कलम ५६ म्हणते. म्हणजे आज यंत्राने तपासणी करणारी जी केंद्रे नवी म्हणून गाजत आहेत त्यांचा कायदेशीर पाया तेव्हाच घातला गेला होता.

तपासणी कितीही चोख असली तरी जादा भार तिला निरर्थक करतो. दहा टनांसाठी घडवलेल्या ब्रेकवर पंधरा टन घातले तर पासिंगचा कागद उपयोगाचा नाही. अनेक राज्यांत जादा भाराचा दंड भरला की गाडी तशीच पुढे जाऊ देण्याची पद्धत पडली होती. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २००५ च्या निकालात तिला मनाई केली: दंड घ्या, पण जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलता कामा नये. पुढे जुलै २०१८ मध्ये केंद्राने भाराची मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलवर १०.२ टनांऐवजी ११.५ टन चालू लागले. रस्त्यावर आधीच धावत असलेल्या वजनाला यामुळे कागदोपत्री मान्यता मिळाली, पण जुन्या ट्रकचे पाटे आणि ड्रम काही जाड झाले नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये केला.

महाराष्ट्रात पासिंगच्या पद्धतीला खरा धक्का बसला तो न्यायालयातून. पुण्यातल्या एका कार्यकर्त्याने २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. परिवहन कार्यालयांकडे ब्रेक तपासण्यासाठी लागणारा २५० मीटरचा ट्रॅक नाही, मग गाडी वेग घेऊन थांबते की नाही हे कोण बघतो, असा सवाल तिच्यात होता. सवाल इतका साधा की त्याला टाळता येत नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने ट्रॅकवर चाचणी घेतल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये असा आदेश दिला. २०१७ च्या अखेरीस ट्रॅक नसलेल्या कार्यालयांतली तपासणी थांबली आणि ट्रकमालकांना शेजारच्या जिल्ह्याची वाट धरावी लागली. पुढच्या वर्षी, चाचणी न घेता प्रमाणपत्रे दिल्याच्या प्रकरणात राज्य सरकारने परिवहन विभागाच्या ३७ जणांना निलंबित केले. ऐंशी वर्षे चाललेल्या व्यवस्थेला एवढा सरळ जाब क्वचितच कोणी विचारला असेल.

मधल्या काळात गाडीच्या बांधणीतही सक्तीचे बदल होत राहिले. हौद्याबाहेर लोखंडी सळया लोंबत नेण्याची मुभा २०१४ मध्ये काढून घेतली; मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीत त्या सळया घुसल्याच्या बातम्या त्याआधी वर्षानुवर्षे छापून येत होत्या. २०१५ मध्ये मालट्रकला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक लागू झाला आणि नव्या जड ट्रकमध्ये चाक अडकू न देणारे ब्रेक आले. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मागच्या फळीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या बीएस-६ निकषांची इंजिने आली. चालक ज्याला ‘युरिया’ म्हणतात त्या द्रवाची वेगळी टाकी गाडीला बसली, आणि दोष शोधायला लॅपटॉप लागू लागला. नाक्यावरच्या डिझेल पंपवाल्या वस्तादाचे काम यामुळे कमी झाले आणि कंपनीच्या वर्कशॉपचे वाढले. नवा ट्रक घेणारा मालक आता कंपनीशी वार्षिक देखभालीचा करार करतो. जुन्या ट्रकचा मालक अजून नाक्यावरच जातो.

पासिंगची मुदतही बदलली. नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीने आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकला दोन दोन वर्षांचे आणि त्यापुढे दर वर्षाचे प्रमाणपत्र केले. कारखान्यातून पूर्ण बांधून आलेली नवी गाडी पहिली दोन वर्षे योग्यच मानली जाते. ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने पंधरा वर्षांवरील जड मालवाहनाच्या नूतनीकरणाची फी १२,५०० रुपयांवर नेली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. जुना ट्रक मोडीत काढावा हा त्यामागचा हेतू होता. पण असा ट्रक ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे नवा घ्यायला भांडवल नसते, हेही तितकेच खरे.

यंत्राने तपासणी करण्याचा प्रयोग महाराष्ट्रात प्रथम नाशिकच्या केंद्रात आकाराला आला. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. जड मालवाहनांसाठी ती सक्तीची करण्याची तारीख आधी १ एप्रिल २०२३ होती, ती १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत पुढे गेली. या केंद्रात ट्रकची चाके फिरत्या रुळांवर चढतात आणि प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा जोर वेगळा मोजला जातो. डाव्या आणि उजव्या चाकाच्या जोरातला फरकही कळतो. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला का ओढते याचे कारण बहुधा तिथेच सापडते. गाडी सरळ चालते की घसरते, हेडलाइट कुठे पडतो, धूर किती दाट, स्टिअरिंगच्या जोडांत किती ढिलेपणा हे यंत्र सांगते आणि आकडे थेट संगणकावर जातात. गंज, तडे, टायरच्या खाचा अजून माणसाच्याच नजरेने पाहिल्या जातात. नापास झालेल्या गाडीला दुरुस्ती करून पुन्हा यायची मुभा आहे आणि निकालावर दाद मागण्याची सोयही आहे.

रुळांवर चढणारा ट्रक मात्र रिकामा असतो. त्याच्या ब्रेकचा मोजलेला जोर भरलेल्या गाडीला पुरेल की नाही, हे गणिताने काढावे लागते. केंद्रातून बाहेर पडल्यावर पुढच्या वर्षभरात किंवा दोन वर्षांत लायनर कधी बदलले, ग्रीस कधी भरले, पाट्याचे पान कधी तुटले याची नोंद ठेवण्याची सक्ती एकट्या ट्रकच्या मालकावर आजही नाही. मोठ्या वाहतूक कंपन्या ती स्वतः ठेवतात, एसटीची आगारे १९४८ पासून ठेवत आली आहेत. बाकीच्या ट्रकांची नोंद आहे ती मिस्त्रीच्या आठवणीत, आणि हौद्याच्या फळीवर पेंटरने काढलेल्या पासिंगच्या तारखेत.